‘फिदा’ फौजेचा निर्माता

‘ड्यून’चा दुसरा भाग पाहिलाय ना? मग स्टिलगर आठवत असेलच. हाविए बार्देमने केलेला तो वाळवंटातला दांडगा सरदार. पॉलने मी देव नाही म्हटलं, तरी याला त्यातही देवपणच दिसतं. थिएटरात आपण हसलो, मीम्स फॉरवर्ड केली. पण ज्याने हे पात्र लिहिलं, त्या फ्रँक हर्बर्टला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नव्हतं.

हर्बर्टचा जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातला. पोटापाण्यासाठी बातमीदारी. युद्धात काही महिने नौदलात फोटोग्राफर. मग विद्यापीठात गेला, पण आवडतील तेवढेच विषय शिकला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. (घरी हे वाचून दाखवू नका.) तिथल्याच लेखनाच्या वर्गात त्याला बेव्हर्ली स्टुअर्ट भेटली. १९४६ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पन्नाशीच्या दशकात तो ओरेगॉनमधल्या फ्लोरेन्स गावी एका लेखासाठी गेला. तिथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या सरकत होत्या आणि सरकारी खात्याची माणसं गवत लावून त्या थोपवू पाहत होती. लेख पूर्ण झालाच नाही. वाळू मात्र डोक्यात शिरली ती शिरलीच. वाळवंट, तिथली माणसं, तिथे जन्मलेले धर्म आणि प्रेषित यांवर तो पाच-सहा वर्षं वाचत राहिला. घर कसं चाललं? बेव्हर्ली जाहिरातींचा मजकूर लिहायची, त्यावर.

या वाचनातूनच आले ‘फेदायकिन’. म्हणजे पॉल मुआद’दिबचे निवडक, जिवावर उदार झालेले अंगरक्षक. नेता वाळवंटात लपलेला, शत्रूला त्याचं खरं नावही ठाऊक नाही आणि भोवती हे कडं. शब्द अरबी ‘फिदाई’वरून घेतलाय. आपण एखाद्यावर ‘फिदा’ होतो ना, तेही मूळ त्याच घरातलं! हर्बर्टच्या जगात फेदायकिन म्हणजे आधी एखाद्या अन्यायाचं निवारण करण्यासाठी प्राण द्यायची शपथ घेतलेले लोक. पुढे ती निष्ठा एका माणसाला चिकटते आणि अन्याय बाजूला राहतो. कादंबरीत एका क्षणी पॉलला जाणवतं की समोरचा स्टिलगर आता आपला मित्र उरलेला नाही, भक्त झालाय. लढाया बाजूला ठेवा, माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक जागा हीच.

मासिकात ही कथा १९६३ पासून क्रमशः आली, वाचकांना आवडलीही. पुस्तक छापायला मात्र कुणी तयार होईना. वीसेक प्रकाशकांनी नकार दिले. शेवटी हो म्हटलं चिल्टनने. ही कंपनी ओळखली जायची मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी! १९६५ मध्ये ‘ड्यून’ आलं. नेब्युला आणि ह्यूगो, दोन्ही पुरस्कार मिळाले. पैसा मात्र लगेच आला नाही. हर्बर्टची वर्तमानपत्रातली नोकरी सुटायला १९७२ उजाडलं.

वाचकांनी तोवर काय केलं असेल? पॉलला हिरो करून टाकलं. म्हणजे स्टिलगरने केलं तेच! हर्बर्टने १९६९ मध्ये ‘ड्यून मसाया’ लिहिलं. त्यात पॉल सम्राट आहे आणि त्याच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात तब्बल ६१०० कोटी माणसं मेलीत. जुन्या फेदायकिनांपैकी कोर्बा आता बडा धर्माधिकारी झालाय आणि पॉलविरुद्धच्या कटात सामील आहे. मेलेला देव जिवंत देवापेक्षा सोयीचा, हा त्याचा हिशेब. पहिली कथा छापणाऱ्या संपादक कॅम्पबेलने ही दुसरी नाकारली. नायकाचं पतन त्याला रुचलं नाही. पण हर्बर्टने शेवट बदलला नाही.

आणि त्याची स्वतःची निष्ठा? ती बेव्हर्लीवर. १९८४ च्या फेब्रुवारीत ती गेली. त्याच डिसेंबरात ‘ड्यून’वरचा पहिला सिनेमा झळकला, पण तो बघायला ती नव्हती. १९८५ च्या ‘चॅप्टरहाउस’ या त्याच्या शेवटच्या ‘ड्यून’ कादंबरीत कथा संपल्यावर त्याने तिच्याविषयी काही पानं लिहिली. ना वाळू, ना सम्राट, नुसता आपल्या बायकोबद्दल बोलणारा नवरा. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तोही गेला, वयाच्या ६५व्या वर्षी. पुस्तक हाती लागलं तर ती पानं वगळू नका.