दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची गणती करणारे हेन्री मोझली

दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या गुणधर्मांत इतके साम्य असते, की ती नेमकी किती आहेत हे विसाव्या शतकाच्या आरंभी कोणालाही निश्चित सांगता येत नव्हते. क्ष-किरणांच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविणारे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांना अवघे २७ वर्षांचे आयुष्य लाभले.

मोझली यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधील वेमथ येथे झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १९१० मध्ये ते मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १९१३ मध्ये त्यांनी विविध मूलद्रव्यांचे क्ष-किरण वर्णपट मोजले. वर्णरेषेच्या वारंवारतेचे वर्गमूळ प्रत्येक मूलद्रव्यागणिक समान टप्प्याने वाढते, असे त्यांना आढळले. आवर्तसारणीतील क्रम अणुभारावर नव्हे, तर अणुकेंद्राच्या विद्युतभारावर ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९१४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बां अनेक वर्षांच्या परिश्रमाने वेगळे केलेले नमुने घेऊन ऑक्सफर्डला आले. मोझली यांनी ते काही दिवसांतच तपासले. उर्बां यांनी जाहीर केलेले सेल्टियम हे मूलद्रव्य त्यांत आढळले नाही. लँथॅनम ते ल्युटेशियम या १५ जागा निश्चित झाल्या. त्यांपैकी ६१ वी रिकामी होती.

पहिल्या महायुद्धात मोझली स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या लढाईत ते मारले गेले. ६१ व्या जागेवरील प्रोमेथियम १९४५ मध्ये अमेरिकेत ओळखले गेले. प्रत्येक मूलद्रव्याची क्ष-किरणांतील ऊर्जा वेगळी असते, या तत्त्वावरच इंदूर येथील इंडस-२ या केंद्रात आज क्ष-किरण शोषणाचे प्रयोग चालतात.