दुसऱ्यांचे डोळे जपणारे डॉ. जाव्हाल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नेत्रतपासणी शिबिराला तिरळ्या डोळ्यांच्या मुली येतातच. आई बाजूला घेऊन हिच्या लग्नाचं कसं होईल, हे आधी विचारते. पोरीला नीट दिसतं का, हे मागाहून! खरं तर तिरळ्या डोळ्याची नजर लहानपणीच मंदावत जाते, म्हणून लेकरू लहान असतानाच दाखवायला हवं. अशा वेळी मला फ्रान्सचे डॉ. एमिल जाव्हाल आठवतात.

१८३९ साली पॅरिसला जन्म. शिकले ते खाणकामाचे इंजिनियर होण्यासाठी. पण घरात वडील तिरळे, बहीण सोफीही तिरळी. त्या काळी यावर डोळ्याचा स्नायू कापत, आणि ते बरेचदा फसायचं. बहिणीवर ती वेळ येऊ नये म्हणून हा भाऊ डोळ्यांचे व्यायाम शोधायला बसला. दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रं ठेवायची आणि ती मिळून एक दिसेपर्यंत सराव करायचा. महिनोन्‌महिने चालणारं, चिकाटीचं काम. त्या नादात इंजिनियरकी सुटली आणि १८६८ मध्ये ते डॉक्टर झाले.

पुढे पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात ते डोळ्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई मोजणारं यंत्र त्यांनी श्योट्झ यांच्यासोबत बनवलं. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, ती उड्या मारत, थांबत जाते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास ध्यानात आलं. मुलं धडा वाचत असताना समोर बसून त्यांचे डोळे बघा, तुम्हालाही दिसेल. शाळेत भरपूर उजेड हवा, पुस्तकातली अक्षरं स्पष्ट हवीत, असा त्यांचा आग्रह होता. कंदिलापुढे अभ्यास केलेल्या माझ्यासारखीला ते लगेच पटतं.

आणि याच माणसाला काचबिंदू झाला. १९०० पर्यंत दोन्ही डोळे गेले. वय एकसष्ट. जन्मभर डोळ्यांवर काम केलेल्या माणसाला केवढा धक्का! पण ते बसून राहिले नाहीत. न बघता ओळी सरळ याव्यात म्हणून लिहिण्याची पाटी तयार केली. उतारवयात दृष्टी गेलेल्यांनी जेवावं कसं, चालावं कसं, पत्र कसं लिहावं, यावर १९०३ मध्ये पुस्तक काढलं. १९०५ मध्ये आणखी एक आलं, वाचन आणि लेखन यांवरचं. तेव्हा त्यांना स्वतःला एक अक्षरही दिसत नव्हतं. जानेवारी १९०७ मध्ये ते गेले.