हजरत मखदूम अली माहिमी (रह.) : अल्लाहच्या सान्निध्याची ओढ

पुण्यातील वारज्यासारख्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या मनात एक मूक खंत असते. फजरची नमाज अदा होते, मुले शाळेत जातात, महामार्गावरील रहदारीतून वाट काढीत घरातील कर्ती माणसे कामावर पोहोचतात. रमजानचे रोजेही पूर्ण होतात. तरीही अल्लाह आपल्याजवळ आहे, ही जाणीव हृदयात टिकत नाही. ती जवळीक लाभावी म्हणून घरसंसार सोडून एखाद्या पवित्र स्थळी जाऊन राहावे, असेही काहींना वाटते. अशा वेळी आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेलेल्या एका थोर विद्वानाचे जीवन मार्गदर्शक ठरते.

हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचा जन्म हिजरी ७७६ मध्ये माहीम येथे झाला. आज मुंबईत सामावलेले माहीम तेव्हा स्वतंत्र बेट होते. त्यांचे घराणे नवायत समाजातील होते. अरबस्तानाशी नाते सांगणारा हा शाफई पंथीय समाज कोकणपट्टीत स्थायिक होऊन समुद्रमार्गे व्यापार करीत असे. त्यांच्या वडिलांचे नाव शेख अहमद आणि आईचे नाव बीबी फातिमा.

त्यांच्या बालपणाविषयी एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला, तोवर आईला झोप लागली होती. तिची झोप मोडू नये आणि जाग येताच तिला पाणी मिळावे, म्हणून तो पेला हाती धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. जागी होताच आईने त्याच्यासाठी अंतःकरणापासून दुआ केली.

दुसरी कथा त्यांच्या ज्ञानलालसेची आहे. विद्येसाठी दूरदेशी जाण्याची त्यांना तीव्र इच्छा होती. परंतु आईला त्यांचा विरह सोसवेना. ते माहीमलाच राहिले. पुढे हजरत खिज्र (अ.) यांनी समुद्रकिनारी येऊन त्यांना शिकविले, अशी श्रद्धावंतांची धारणा आहे. या कथा लोकपरंपरेच्या आहेत, हे मान्य करूनही त्यांतील बोध स्पष्ट आहे. ज्या सान्निध्यासाठी माणूस दूर जाऊ पाहतो, त्याचे दार कित्येकदा घरातच, आईच्या उशाशी असते.

त्यांचे विद्वत्तेचे कार्य मात्र आपल्यासमोर ग्रंथरूपाने उभे आहे. ‘तब्सीरुर्रहमान’ हे पवित्र कुरआनवरील त्यांचे अरबी भाष्य. आयतींचा परस्परांशी असलेला संबंध उलगडून दाखविणे, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. कुरआनच्या ११४ सूरहपैकी ११३ सूरहच्या आरंभी बिस्मिल्लाह येते. मखदूम साहेबांनी प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाला अनुसरून नव्याने सांगितला. जे शब्द आपण दिवसातून अनेकदा सवयीने उच्चारतो, त्यांच्यापाशी ते प्रत्येक वेळी नव्याने थांबले. माहीमच्या बेटावर लिहिलेले हे भाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोच्या बुलाक छापखान्यात मुद्रित झाले.

तसव्वुफचाही त्यांचा अभ्यास सखोल होता. शेख शिहाबुद्दीन सुहरवर्दी यांच्या ‘अवारिफुल मआरिफ’वर आणि इब्ने अरबी यांच्या ‘फुसूसुल हिकम’वर त्यांनी भाष्ये लिहिली. इब्ने अरबींच्या विचारांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. मखदूम साहेबांनी मात्र शरीअतचा आधार कधी सोडला नाही. शाफई फिक्हवरही त्यांनी लेखन केले, आणि माहीमच्या काझीपदाची जबाबदारी सांभाळली, असे चरित्रकार नमूद करतात. लोकांचे तंटे सोडविणे आणि अल्लाहच्या प्रेमाचे चिंतन करणे, ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी जीवने नव्हती.

काळही शांततेचा नव्हता. माहीम गुजरातच्या सुलतानांच्या सत्तेखाली होते. इसवी सन १४३०च्या सुमारास, मखदूम साहेबांच्या अखेरच्या वर्षांत, या बेटासाठी गुजरात आणि बहमनी सत्तांमध्ये लढाया झाल्या. हिजरी ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. माहीमच्या दर्ग्यात त्यांच्या कबरीशेजारीच त्यांच्या आईची कबर आहे.

आजही डिसेंबरमध्ये माहीमची जत्रा भरते आणि लाखो लोक तेथे जातात. परंतु या थोर पुरुषाविषयीचा खरा आदर त्याच्या मार्गाने चालण्यात आहे. अल्लाह माणसाच्या मानेच्या शिरेपेक्षाही त्याच्या निकट आहे, अशी कुरआनची शिकवण आहे. म्हणजे अंतर त्याच्याकडून नाही. ते आपल्या गाफीलपणाचे आहे. आज रात्री घरातील वृद्ध आईने पाणी मागितले, तर मोबाईल बाजूला ठेवून आपण स्वतः उठावे. उद्या सकाळी बिस्मिल्लाह म्हणताना क्षणभर तिच्या अर्थापाशी थांबावे. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या सान्निध्याची गोडी देवो. आमीन.