अधू पायाचा स्वार : पाटीलबावा महादजी शिंदे

अश्वारूढ वीर म्हटला म्हणजे आपल्या मनश्चक्षूंपुढे एक ठरावीक मूर्ती उभी राहते. कंबर बारीक, छाती भरदार, पाठ ताठ आणि मांडीखालचा घोडा मागल्या दोन पायांवर उभा. चौकांतील पुतळ्यांनी आणि भिंतीवरील चित्रांनी ही मूर्ती आपल्या मनात इतकी पक्की बसविली आहे की, जो देहाने स्थूल, ठेंगणा वा अधू, त्याने घोड्याच्या वाटेस जाऊ नये असे आपण न बोलताच मानून चालतो. झाशीच्या राणीसाहेबांना १८५४ साली जॉन लँग नावाच्या गोऱ्या वकिलाने पाहिले तेव्हा त्या त्यास काहीशा स्थूल दिसल्या होत्या. परंतु राणीसाहेब तशा रंगविण्याचा धीर आमच्या चित्रकारांस सहसा होत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मराठा सेनानीच्या शब्दाने दिल्लीचा कारभार चालत असे, ते महादजी शिंदे उंचीने मध्यम, वर्णाने सावळे, अंगाने जड आणि एका पायाने कायमचे अधू होते. त्यांच्या राजकारणावर ग्रंथ पुष्कळ झाले आहेत. त्या देहाकडे पाहून त्यांचे चरित्र सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

महादजींचा जन्म सुमारे १७३० चा. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे राणोजी शिंदे हे त्यांचे वडील. राणोजींच्या पाच पुत्रांत महादजी सर्वांत धाकटे. त्यांच्या मातोश्री चिमाबाई या रजपूत असल्यामुळे वडिलांच्या दौलतीवरील त्यांच्या हक्काबद्दल पुढे बरीच कुजबुज झाली. घरात थोरले भाऊ एकापेक्षा एक पराक्रमी. त्यामुळे धाकट्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते. परंतु काळच असा आला की, हे भरलेले घर पाहता पाहता रिकामे झाले. जयाप्पा १७५५ साली नागोरास मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. बरोबर वर्षभराने पानिपतावर तुकोजी पडले आणि जयाप्पांचे तरुण चिरंजीव जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. त्या घरातले एवढे सगळे पुरुष घोड्यावर बसून गेले आणि परतले नाहीत.

१४ जानेवारी १७६१ रोजी तिसऱ्या प्रहरानंतर मराठी फौज फुटली, तेव्हा महादजी एका दक्षिणी घोडीवर दक्षिणेची वाट धरून निघाले. त्यांच्या पाठीस एक दुराणी स्वार लागला. स्वार धिप्पाड, आणि त्याचा घोडाही तसाच अवजड, बेढब, डौल म्हणून नसलेला. महादजींची घोडी हलकी, चपळ. पहिल्या दौडीत अंतर पडे, परंतु घोडीस दम घेऊ द्यावा म्हणून लगाम सैल करावा, तो मागून त्या जड टापांचा आवाज पुन्हा यावा. असे कित्येक कोस चालले. अखेर एका खळग्यात घोडी कोसळली. दुराण्याने गाठून गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरचे दागिने उतरवून घेतले, घोडीही नेली आणि हा आता मरणारच असे समजून त्यांना तेथेच टाकले.

या प्रसंगावरून दक्षिणी घोडे लहान म्हणून हरले असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. आमच्या मते तो घाईचा आहे. नोव्हेंबरपासून जवळजवळ अडीच महिने मराठ्यांचा तळ पानिपतास अडकून पडला होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद तुटली, माणसांस दाणा नाही तेथे जनावरांस वैरण कोठून मिळणार? अशा उपाशी तळातील घोडी पोटभर दाणा खाल्लेल्या घोड्यापुढे कित्येक कोस टिकली, हेच नवल. भीमेच्या खोऱ्यातील या भीमथडी जातीने बुटक्या बांध्यावर, थोड्या चाऱ्यावर, नर्मदेपलीकडे मराठ्यांचा अंमल वाहून नेला होता. हरला तो बांधा नव्हे, हरले ते रिकामे पोट.

महादजी मात्र त्या घोडीप्रमाणेच तेथे पडून राहिले असते. त्यांना वाचविले राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखालीचे पाणी वाहणाऱ्या आपल्या बैलावर त्याने या जखमी सरदारास घातले व दक्षिणेच्या वाटेस लावले. रणातून जीव घेऊन निघालेला शिंद्यांचा वंशज बैलाच्या पाठीवरून घरी आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे सत्ता आल्यावर महादजींनी राणेखानास भाऊ मानले, फौजेचे आधिपत्य दिले, आणि लोकही त्यास राणेखान भाई म्हणू लागले.

जखम भरली, पाय अधू राहिला. परंतु त्याहून खोल घाव दुसराच होता. त्यानंतर कितीतरी काळ महादजींना धड झोप लागत नसे. डोळा लागला की तो दुराणी आणि त्याचा तो बेढब घोडा टापा आपटीत मागून येताना दिसे, आणि पुढे आपली घोडी. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या सहवासातील माणसांस सांगितली म्हणून इतिहासात उरली. पदरी लाखाची फौज असलेल्या पुरुषाने आपले भय असे उघड सांगावे, यात आम्हांस त्यांचा मोठेपणा दिसतो. ज्याला घोड्याने एकदा पाडले आहे, त्याला हे सांगावयास नको. हाडे महिन्या-दोन महिन्यांत सांधतात. पण पुन्हा रिकिबीत पाय घालताना मन जे आखडते, त्यास औषध नाही.

येथे थोडे मांडीविषयी बोलले पाहिजे. आपल्या भाषेत घोड्यावर बसणे याला मांड ठोकणे म्हणतात, आणि ते अगदी यथार्थ आहे. मांडी, गुडघा आणि पोटरी या तिहींची पकड म्हणजे मांड. गुडघा गेला की मधला दुवाच निखळतो. मग स्वाराने पकडीवर विसंबून चालत नाही. त्याला तोलावर बसावे लागते, कंबर सैल ठेवून जनावराच्या चालीबरोबर हलावे लागते. जाणते मोतद्दार सांगतात की, अंगाने हलका पण खोगिरावर आदळत बसणारा स्वार घोड्याची पाठ लवकर मोडतो. अंगाने भरलेला पण तोलाने बसणारा तितकी मोडीत नाही. अर्थात जनावराच्या ताकदीसही सीमा आहे. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे, खोगीर धरून, त्याच्यावर घालू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि तो दयेचा नसून हिशेबाचा आहे. आपल्या अंबरनाथहून गाडीने नेरळ कितीसे दूर? माथेरानास गेलेल्या मंडळींत एखादी भरल्या अंगाची भगिनी किंवा ठेंगणे गृहस्थ घोड्यांच्या अड्ड्यापासून मुद्दाम दूर उभे राहतात, हसून नको म्हणतात. तेथला घोडेवाला मात्र हसत नाही. तो एकदा नखशिखांत पाहतो आणि कोणता घोडा द्यावयाचा ते ठरवितो. लाज बसणाऱ्याच्या मनात असते. घोडेवाल्याच्या डोळ्यांत फक्त माप असते.

महादजींनी हे माप स्वतःच घेतले होते असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. पानिपतानंतर शिंद्यांची दौलत कोणाकडे जावी याविषयी सात वर्षे घोळ चालला. राघोबादादांच्या मनात दुसरी नावे होती. अधू पाय आणि मातृपक्षावरून निघणारी शंका ही दोन्ही त्यांच्या विरुद्धच होती. अखेर १७६८ साली थोरल्या माधवरावांनी सरदारी महादजींच्या नावे कायम केली. त्यांनी स्वारीचे व छावणीचे आयुष्य सोडले नाही. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलम मराठ्यांच्या पाठबळावर दिल्लीत परत आला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

इंग्रजांशी पडलेल्या गाठीचा भाग आपणांस जवळचा आहे. मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांस घेऊन पनवेलवरून बोरघाट चढून आली, तेव्हा तिच्याबरोबर सामानाचे सुमारे एकोणीस हजार बैल होते. एवढे लटांबर घेऊन घाटावर चालणे म्हणजे पायांत लोढणे अडकवून पळणे होय. मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड केला, चारही बाजूंनी स्वार फिरते ठेवले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांना तह करून घेणे भाग पडले. त्या तहाची बोलणी महादजींच्या हातून झाली. इंग्रजांनी तह पाळला नाही. पुढल्याच वर्षी, १७८० साली, त्यांनी कल्याण घेतले व मलंगगडास वेढा घातला. आपल्या गावाच्या क्षितिजावर जो डोंगर रोज दिसतो, त्याच्या पायथ्याशी त्या युद्धातल्या तोफा धडाडल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महादजींचा ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी एका रात्रीत शिड्या लावून घेतला. तरी १७ मे १७८२ रोजी सालबाईस तह झाला, तेव्हा दोन्ही पक्षांना मध्यस्थ म्हणून चालणारा पुरुष एकच उरला होता, आणि तो अधू पायाचा होता.

याच युद्धात शिस्तीच्या पायदळाचे बळ त्यांच्या ध्यानी पुरते आले. १७८४ साली त्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनाधिकाऱ्यास चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभारल्या. घोडदळाच्या मराठ्यांनी घोडदळाचा हात सोडला म्हणून जाणकारांनी त्यांना पुष्कळ दोष दिला आहे, आणि पुढे १८०३ साली जे झाले ते पाहता तो अगदीच निराधार म्हणवत नाही. परंतु जो मनुष्य पानिपतावरून उपाशी घोडीच्या पाठीवर पळाला, त्याचा सारा भरवसा पुन्हा घोड्याच्या वेगावर बसावा, ही अपेक्षाच आम्हांस विचित्र वाटते.

त्यांची खरी परीक्षा जुलै १७८७ अखेर लालसोटास झाली. जयपूर-जोधपूरकर समोर, आणि आपल्या बाजूचे मोगली सरदार व पलटणी ऐन वेळी फितूर. अशा वेळी फौज एका रात्रीत मोडते. महादजी मागे सरले, पण पळाले नाहीत. तोफा, बाजारबुणगे व उरलेली फौज आवरून, पाठीवर शत्रू असता त्यांनी शिस्तीने माघार घेतली. सव्वीस वर्षांपूर्वी मागून येणाऱ्या टापा ऐकत जो एकटा धावत होता, तोच पुरुष आता तशाच टापा पाठीशी असता सावकाश चालत होता. स्वप्न पडावयाचे थांबले होते की नाही, हे सांगणे अशक्य आहे. थांबले नसले तरी त्या स्वप्नाच्या हाती लगाम राहिला नव्हता, एवढे खास.

वर्षभराने गुलाम कादराने दिल्लीत शिरून शहाआलमाचे डोळे काढले. ऑक्टोबर १७८८ मध्ये महादजींच्या फौजेने दिल्ली घेतली, आणि त्या फौजेचा मुखत्यार होता तोच पूर्वीचा भिस्ती, राणेखान. गुलाम कादर मीरतच्या किल्ल्यात कोंडला गेला. डिसेंबरातल्या एका रात्री तो घोड्यावर बसून एकटाच निसटला. परंतु अंधारात त्याचा घोडा एका विहिरीवरील मोटेच्या धावेत कोसळला. सकाळी एका शेतकऱ्याने त्यास ओळखून मराठ्यांच्या स्वाधीन केले. खळग्यात पडलेल्या स्वारास वाचविणाऱ्या राणेखानाच्या छावणीत खळग्यात पडलेला दुसरा स्वार असा आणला गेला. कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्यास अतिशयोक्त म्हटले असते.

पाटण आणि मेडता ही १७९० ची युद्धे जिंकल्यावर महादजी जून १७९२ मध्ये पुण्यास आले. दरबारास जाताना ते हत्तीवरून दूरच उतरले व आपले जड शरीर सावरीत पायी चालत गेले. वंशपरंपरेच्या सर्व मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. पेशव्यांनी वर बसण्याचा आग्रह केला, तेव्हा काखेतील गाठोडे सोडून त्यांनी नव्या जोड्यांचा जोड सवाई माधवरावांपुढे ठेवला, आणि आपल्या वडिलांचा व आपला धंदा हाच असे नम्रपणे सुचविले. यात नाटक किती व निष्ठा किती, यावर त्या वेळी पुण्यात पुष्कळ चर्चा झाली असावी. नाना फडणीस तर सावधच होते. चेष्टा होऊ शकेल अशा अंगाने, लंगडत, सर्वांच्या देखत चालत जाण्यास जो धीर लागतो, तो मात्र नाटकाने येत नाही. साठी उलटलेले महादजी अठरा वर्षांच्या पेशव्यांस शिकारीस व फिरावयास घेऊन जात. वाड्याच्या भिंतीआड वाढलेल्या त्या पोरास उघड्या माळाची गोडी या म्हाताऱ्यानेच लाविली. त्याच सुमारास जेम्स वेल्स या चित्रकाराने महादजींचे चित्र काढले. त्यात त्यांचे भरलेले अंग झाकण्याचा काही प्रयत्न नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्यानजीक वानवडीच्या मुक्कामी ज्वराने त्यांचा अंत झाला. पोटी पुत्र नव्हता. पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर आले. वानवडीस जेथे त्यांचे दहन झाले, तेथे शिंदे छत्री आहे, आणि त्याच आवारात शंकराचे मंदिर आहे. शके ९८२ च्या आपल्या शिवालयाच्या छायेत राहणाऱ्या मंडळींना पुण्यास गेल्यावर तेथे अर्धा तास थांबणे कठीण पडू नये.