पाखरांना नावे देणारे लिनियस

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोबीच्या पानांना भोकेच भोके पडली. हात लावला की बारीक हिरवी अळी वळवळत मागे सरायची आणि धाग्याला लोंबकळायची. तिचे पाखरू नखाएवढे. गुरुजींनी ते भिंगाखाली दाखवले. पंख मिटले की पाठीवर फिकट चौकटींची रांग दिसते, म्हणून तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. यातले झायलोस्टेला हे नाव १७५८ साली कार्ल लिनियस यांनी दिले. त्यांची माहिती मी जमवली ती अशी.

लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशात रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील पाद्री. त्यांना बागेचे भारी वेड. त्यांनी आडनावसुद्धा लिंडेन नावाच्या झाडावरून घेतले होते! कार्लचे लक्ष मात्र पुस्तकात नसे, सगळे रानात. शेवटी शिक्षकांनी वडिलांना सांगितले की हा काही पाद्री व्हायचा नाही, याला कपडे नाहीतर जोडे शिवायच्या कामाला लावा. वडील फार कष्टी झाले. तेव्हा रॉथमन नावाचे डॉक्टर मध्ये पडले आणि त्यांनी कार्लला आपल्या घरी ठेवून शिकवले. (माझे गणित कच्चे आहे, म्हणून हे मला फार आवडले.) पुढे उप्साला गावी शिकताना इतकी गरिबी, की फाटक्या जोड्यात कागद घालून चालायचे. त्याच गावात १७४१ साली ते प्राध्यापक झाले.

त्या काळी एकेका प्राण्याचे नाव म्हणजे लॅटिनची लांबलचक ओळ. कोण पाठ करणार? लिनियस यांनी दोन शब्दांची रीत पाडली. पहिला कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा.

पतंगाला धरले की बोटांना भुकटी लागते ना? ते पंखांवरचे खवले असतात. त्यावरूनच त्यांनी फुलपाखरे आणि पतंग यांचा एक मोठा गट केला. पण पतंग झाले ढीगभर! मग त्यांनी युक्ती केली. पाने गुंडाळणाऱ्या पतंगांच्या नावाला शेवटी ‘आना’ लावले आणि अगदी चिमुकल्यांना ‘एला’. म्हणजे नाव ऐकले की गट कळतो. आमचा कोबीवरचा ‘एला’वालाच.

त्यांचीही चूक झाली बरं का. सफरचंद पोखरणाऱ्या पतंगाला त्यांनी चिमुकल्यांत घालून पोमोनेला म्हटले. नंतर तो पाने गुंडाळणाऱ्यांच्या कुळातला निघाला. नाव तेच राहिले, कारण आधी दिलेला दुसरा शब्द सहसा बदलत नाहीत.

म्हातारपणी त्यांना झटके आले आणि आठवण गेली. स्वतःचीच पुस्तके वाचून ते खूश व्हायचे, पण ती आपणच लिहिली हे त्यांना कळत नसे. मला इथे वाईट वाटले. १० जानेवारी १७७८ रोजी ते वारले. त्यांचा संग्रह पुढे इंग्लंडला विकला गेला. त्यातले टाचणीला लावलेले किडे लंडनच्या लिनियन सोसायटीत अजून जपून ठेवले आहेत.