जॉर्ज इंगल फिंच

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे १९५२ ते १९५७ या काळातील संचालक जॉर्ज फिंच हे थोर शास्त्रज्ञ व धाडसी गिर्यारोहक होते. त्यांचा जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियात झाला. १९२२ साली प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन ते एव्हरेस्टवर सुमारे ८,३०० मीटर उंचीपर्यंत चढले. तोवर एवढ्या उंचीपर्यंत कोणीही गिर्यारोहक चढला नव्हता. तेथे त्यांच्या सोबत्याच्या उपकरणातील काचेची लहानशी नळी फुटली. फिंच यांनी त्याला आपला प्राणवायू दिला आणि शिखराचा मोह सोडून त्याला सुखरूप खाली आणले.

शास्त्रातही त्यांची दृष्टी अशीच सूक्ष्म होती. धातू व ग्रॅफाइट यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून, उमटलेल्या आकृतीवरून ते त्यांतील अणूंची मांडणी ओळखीत. त्यासाठी लागणारा कॅमेराही त्यांनीच सिद्ध केला. १९७० साली ते निवर्तले.

ग्रॅफाइट हे कार्बनचेच रूप. आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कार्बनच्या केवळ एक अणू जाडीच्या पापुद्र्यात निखळलेला एकच अणूदेखील दिसतो. अशा उणिवांनी त्या पापुद्र्याचे बळ व विद्युत्‌वहन बदलते. लहानशा दोषाचेही मोल जाणावे, हाच फिंच यांच्या चरित्राचा बोध होय.