औंधचे चित्रकार राजे

बालमित्रांनो, राजा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हत्ती, घोडे, तलवार नि सिंहासन उभे राहते. पण आपल्या सातारा जिल्ह्यात एक राजा असा होऊन गेला, की तो स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी, रोज सूर्यनमस्कार घाली आणि म्हातारपणी त्याने आपले राज्यच प्रजेच्या हाती देऊन टाकले. हे राजे म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. यंदा आमची सहल औंधला गेली होती. तिथले त्यांचे संग्रहालय बघितले, तेव्हाच ठरवले की भित्तिपत्रकात त्यांच्याविषयी लिहायचे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी.ए. झाले. १९०९ साली ते गादीवर बसले. राज्य तसे लहानच. सारी मिळून ७२ गावे, आणि तीही एका जागी नाहीत. कुठे औंध, कुठे कुंडल, तर कुठे आटपाडी! बराचसा मुलूख दुष्काळी. पण राजाचे मन मोठे होते.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला. आता जायचे कुठे? बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जमीन दिली, पैशाचीही मदत केली. त्या माळावर नुसते निवडुंग होते. तेच आजचे किर्लोस्करवाडी. तिथे लोखंडी नांगर तयार झाले आणि शेतकऱ्यांच्या शेतात गेले.

सूर्यनमस्काराचे तर त्यांना वेडच होते. स्वतः रोज घालायचे आणि राज्यातल्या शाळांतल्या मुलांकडूनही घालून घ्यायचे. आपण शाळेत सूर्यनमस्कार घालताना कंटाळा करतो, तेव्हा या राजाची आठवण ठेवावी.

त्यांना दुसरा नाद चित्रांचा. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी स्वतः काढली. दुसऱ्या चित्रकारांची चित्रेही जमवली. ही चित्रे राजवाड्यातच टांगून ठेवली असती, तर बड्या पाहुण्यांनीच पाहिली असती. पण १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधले. देवीला येणारा शेतकरी, मेंढपाळ, बायामाणसे यांनीही चित्रे बघावीत, म्हणूनच ही जागा निवडली असेल असे मला वाटते.

आत राजा रविवर्म्यांचे सैरंध्रीचे चित्र आहे. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. तिला कीचकाकडे जायची भीती वाटते. गोष्ट मला ठाऊक होती, पण त्या चित्रापुढे उभी राहिले नि पोटात कालवलं. हेन्री मूर या इंग्लंडच्या शिल्पकाराने दगडात घडवलेले आई व मूलही तिथे आहे. इंग्लंडची कला बघायला आपल्याला खटाव तालुक्याच्या पुढे जायला नको!

मी चित्र काढत बसले, की घरी म्हणतात, चित्राने काय पोट भरतं का? त्यांचेही खरे आहे. पण बाळासाहेबांनी कारखान्याला जमीन दिली, तशी चित्रांनाही जागा दिली. दोन्ही गोष्टी माणसाला लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगते. देशावर इंग्रजांचे राज्य होते, तेव्हाची. १९३८ साली बाळासाहेबांनी राज्यकारभार लोकांना द्यायचे ठरवले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी यात पुढाकार घेतला. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली. १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. गावोगावी लोकांनी निवडलेल्या पंचायती कारभार पाहू लागल्या. म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षे आधीच औंधची प्रजा स्वतंत्र झाली म्हणा ना!

त्याच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. तिथे तुरुंगाच्या भिंती नाहीत. कैदी शेती करतात, बायकामुलांसह राहतात. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमाची कल्पना इथूनच निघाली.

१९४८ साली औंध संस्थान भारतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. त्यांचे राज्य आज नाही, गादी नाही. पण त्यांनी जे दिले ते सारे उरले. डोंगरावरची चित्रे उरली, माळावरचा कारखाना उरला, स्वतंत्रपूर उरले.

मित्रांनो, औंधला जाल तेव्हा देवीचे दर्शन घेऊन तसेच खाली उतरू नका. संग्रहालयातही जा. चित्रांना हात मात्र लावू नका. ती आपल्या सर्वांची आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी